जमेची बाजू आधी वाच

चि. ताईस,


२१ डिसेंबरला नगरपरिषदेच्या निवडणुकीचा निकाल लागला, गुलाल उधळून झाला, सत्कारांचे हारही आता सुकले असतील. विषय समित्यांच्या निवडी उरकल्याचं तुझ्या आईकडून कळलं. आता फेब्रुवारी संपण्याच्या आत अर्थसंकल्पाची विशेष सभा लागेल. सभेची नोटीस आणि सोबत एक जाडजूड पुस्तक शिपाई घरी आणून देईल. ते हातात पडल्यावर काय करायचं आणि काय टाळायचं, एवढ्यासाठी हे पत्र. नगरपरिषदेच्या लेखा विभागात जन्म घालवलेल्या मामाकडून तुला आहेर म्हणून दुसरं काय मिळणार!

तुझ्याबरोबर निवडून आलेले बहुतेकजण पुस्तक उघडून थेट खर्चाच्या बाजूला जातील. सार्वजनिक बांधकामाचं पान काढून आपल्या प्रभागाचं काय आलंय ते बोटानं शोधतील. नाव दिसलं की पुस्तक मिटतील, नाही दिसलं की सभेत आवाज चढवतील. तू जमेची बाजू आधी वाच. गाव वर्षभरात काय करू शकणार आहे ते तिथं ठरतं. खर्चाच्या बाजूला लिहिलेलं बरंचसं ही जमा खरी असेल तरच खरं.

जमेच्या पानावर प्रत्येक लेखाशीर्षापुढे काही रकाने असतात. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती आले, चालू वर्षी किती धरले होते, आजवर किती आले, सुधारित अंदाज किती आणि पुढच्या वर्षाचा अंदाज किती. प्रत्यक्षाचे आकडे आणि शेवटचा रकाना शेजारी ठेव. समज, दुकानगाळ्यांचं भाडं गेल्या वर्षी १८ लाख आलं, यंदा डिसेंबरअखेर ११ लाख आलंय आणि पुढच्या वर्षाला ४० लाख धरलंय. मग विचार, हे वरचे २२ लाख कुठून येणार? नवे गाळे बांधून झालेत का? भाडेवाढीचा ठराव झालाय का? लिलावाची तारीख ठरलीय का? या तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर ते २२ लाख नुसती शाई आहे. पण खर्चाच्या बाजूला त्याच २२ लाखांचं कुणाला तरी वचन दिलेलं असतं.

'कोणतीही करवाढ नसलेलं शिलकी अंदाजपत्रक' अशी बातमी दरवर्षी छापून येते. शिल्लक दाखवायला फार अक्कल लागत नाही. जमा फुगवली की शिल्लक आपोआप पडते. त्याची किंमत पुढच्या मार्चमध्ये कळते. ठेकेदारांची देयकं थकतात, वीजबिलाची थकबाकी चढते, निवृत्त सफाई कामगार उपदानाच्या रकमेसाठी लेखा विभागाच्या बाकावर येऊन बसतो. फुगवलेला आकडा लिहिणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, तो या माणसाला होतो.

घरपट्टीचं पान सर्वांत बारकाईनं बघ. मागणी किती, त्यात जुनी थकबाकी किती आणि चालू किती, वसुली किती, हे वेगवेगळं माग. नुसत्या एकूण टक्केवारीवर समाधान मानू नकोस. त्या बिलात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो. तो आपण वसूल करतो, पण पैसा शासनाचा. त्यावर गावाचे मनोरे रचायचे नसतात. दुसरं, दर चार वर्षांनी करमूल्यांकनाची फेरतपासणी होते. ती वेळेवर झाली का, ते विचार. नवे मजले चढलेत, घराचं दुकान झालंय, पत्र्याच्या शेडचं मंगल कार्यालय झालंय, आणि नोंदवहीत मात्र जुनंच खापरी घर आहे, असं प्रत्येक गावात सापडतं. नियमानं पट्टी भरणाऱ्या म्हातारीवर बोजा न वाढवता उत्पन्न वाढवायचा हा सरळ रस्ता आहे. सभेत तो कुणाला आवडत नाही, कारण नोंद नसलेल्या इमारतींचे मालक सगळ्यांच्या ओळखीचे असतात.

१९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. गावाच्या हातचं चालतं उत्पन्न गेलं आणि त्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. ते मुख्यतः पगारात जातं. म्हणून आजच्या लहान नगरपरिषदेचं पुस्तक कितीही कोटींचं दिसलं, तरी त्यातला बराच पैसा आधीच कुठं जायचं ते ठरवून आलेला असतो. १५व्या वित्त आयोगानं आपल्यासारख्या लहान शहरांच्या अनुदानातली ६० टक्के रक्कम बांधील ठेवली होती, निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. त्या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ ला संपतोय आणि १ एप्रिलपासून १६व्या आयोगाचा सुरू होतोय. तेव्हा यंदाच्या पुस्तकात गेल्या वर्षीचाच आकडा उतरवलेला दिसला, तर तो कशाच्या आधारावर धरला हे लेखापालांना विचार. प्रश्न अवघड नाही, पण नव्या सदस्यानं तो विचारला की सभागृहाचं लक्ष जातं.

पगार, निवृत्तिवेतन, वीज, पाण्याची रसायनं, कचऱ्याचा ठेका हे सगळं जमेतून वजा कर. महिला व बालकल्याणाचे ५ टक्के, दिव्यांगांचे ५ टक्के आणि दुर्बल घटकांचे ५ टक्के बाजूला ठेव. योजनांचा पैसा योजनेलाच. मग जे उरेल तेच गावाच्या मर्जीचं. समज, २५ कोटींच्या पुस्तकात हे दीड कोट निघालं. तुमचं खरं नियोजन या दीड कोटीचं आहे.

आणि इथंच गाव फसतं. सदस्य चोवीस असतील तर दीड कोट भागिले चोवीस, प्रत्येकाला सव्वासहा लाख. पंगतीत वाढावं तसं ज्याच्या त्याच्या पानात पळीभर. कुणी गल्लीत काँक्रीट घालतो, कुणी कमान उभारतो, कुणी बाकडी बसवतो, त्यावर स्वतःचं नाव रंगवतो. सभा खेळीमेळीत पार पडते, ठराव सर्वानुमते मंजूर होतो. पाच वर्षांत पाच अंदाजपत्रकं तुमच्या हातून जातात आणि शेवटी नळाला पाणी पूर्वीइतकंच एक दिवसाआड येतं. याला कुणी भ्रष्टाचार म्हणणार नाही, त्यात पैसा खाल्लाच पाहिजे असंही नाही. पण हे नियोजन नव्हे, ही वाटणी आहे. वाटणीत सगळे सदस्य सुखी होतात. गावाच्या सामाईक अडचणीला मात्र वाटा मिळत नाही, कारण तिच्या नावाचा सदस्य सभागृहात नसतो. तू तिची सदस्य हो.

हे एकटीनं कसं व्हायचं, असं तुझ्या मनात येईल. तर एकट्यानं उभं राहिल्याचं उदाहरण ऐक. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय सभेपुढं आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं जोतीरावांचं म्हणणं. मतं घेतली तेव्हा विरोधी मत एकट्या जोतीरावांचं पडलं. ठराव मंजूर झाला, स्वागतही झालं. पुढं मंडईच्या भव्य इमारतीच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. ती इमारत झाली, आणि रे मार्केट या नावानं उभ्या राहिलेल्या त्या मंडईला नंतर पुणेकरांनी महात्मा फुल्यांचंच नाव दिलं. सभेत हरलेलं मतही इतिवृत्तात राहतं, एवढं यातून घे. म्हणून विरोध असेल तर तो तोंडी बोलून सोडू नकोस, कारणासह नोंदवून घे. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो जसाच्या तसा लिहिलाय का, ते वाच. ठराव कायद्याच्या बाहेर जात असेल तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली तो निलंबित करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तिथं जाताना तुझी हीच नोंद कामाला येते.

मात्र ऊठसूट विरोध करणारा सदस्यही लवकरच कुणी ऐकेनासा होतो. त्यामुळं तुझ्याकडे स्वतःची मागणी असायला हवी, आणि ती मोजकी असावी. वर्षाला तीन उद्दिष्टं पुरेत. दहा मागितलीस तर प्रशासन त्यातली सोपी दोन करून आठांची कारणं देईल.

निवडायची कशी? त्याच अधिनियमाचं कलम ४९ वाच. नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्यं तिथं लिहिली आहेत आणि ऐच्छिकही. पाणी, गटारं, दिवाबत्ती, साफसफाई हे आवश्यक. ते अपुरं असताना प्रवेशद्वार आणि कारंजं मागे ठेवायला तुला कायद्याचाच आधार आहे.

पाण्याचंच बघू. केंद्राच्या सेवास्तर निकषांप्रमाणं माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळायला हवं आणि हिशोबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं. आपल्या गावाची वस्ती तीस हजार धरली तर दिवसाला ४० लाख ५० हजार लिटर लागतात. आता उद्भवावरून रोज किती उचललं जातं ते पाणीपुरवठा अभियंत्यांना विचार. आकडा ४५ लाखांचा निघाला आणि तरीही पाणी एक दिवसाआड येत असेल, तर पाणी कमी नाही, ते वाटेत जातंय. अशा वेळी नव्या योजनेचा कोट्यवधींचा प्रस्ताव पुढं येतो. तो आला की लगेच टाळ्या वाजवू नकोस. नगरपरिषदेचा स्वहिस्सा किती, नवीन पंपांचं वीजबिल दरमहा किती येणार आणि ते पाणीपट्टीतून भागणार का, हे तीन आकडे आधी माग. टाकीच्या तोंडाशी मीटर बसवणं, जुन्या वाहिन्यांची गळती शोधणं, झडपा बदलणं, बेकायदा जोड नियमित करणं ही कामं त्या मानानं स्वस्त. त्यांचं भूमिपूजन होत नाही, एवढाच त्यांचा दोष.

दुसरं उदाहरण बाजाराचं. आठवडी बाजारात पहाटे भाजी घेऊन येणाऱ्या बायका संध्याकाळपर्यंत बसतात. महिलांसाठी स्वच्छतागृह बांधलेलं असतं, पण त्याला कुलूप असतं, नाहीतर आत पाणी नसतं. बांधकामाला पैसा मिळाला, रोजच्या देखभालीचं लेखाशीर्षच कुणी उघडलं नाही. महिला व बालकल्याणाचा निधी दरवर्षी शिवणकामाच्या वर्गावर खर्ची पडतो. तुझ्या महिला व बालकल्याण समितीत बसून त्या वर्गाची यंदा कितीजणींना गरज आहे ते विचार, आणि बाजारात जाऊन त्या बायकांनाही विचार. कुठल्याही बांधकामाला हात वर करण्याआधी त्याची देखभाल कोण करणार आणि कुठल्या पैशातून, हे विचारायची सवय लावून घे.

उद्दिष्ट लिहिताना शोभेचे शब्द गाळ. 'शहर स्वच्छ व सुंदर करणे' हे कुणालाही नाकारता येत नाही आणि कुणालाही पूर्ण करावं लागत नाही. त्याऐवजी लिही: 'तीन मोठ्या नाल्यांचा गाळ ३१ मेपूर्वी काढून पूर्ण, गाळ उचलून क्षेपणभूमीवर, जबाबदारी स्वच्छता निरीक्षकांची, खर्च अमुक लेखाशीर्षातून.' काय, किती, कधीपर्यंत, कोण आणि कुठल्या पैशातून, ही पाच उत्तरं एका ओळीत बसली पाहिजेत.

तारखेचं गणित उलटं मोजायचं. नाले मेअखेर साफ हवेत तर कार्यादेश एप्रिलमध्ये निघायला हवा, म्हणजे निविदा मार्चमध्ये, म्हणजे कामाचा अंदाज आणि तांत्रिक मान्यता फेब्रुवारीत. सभेत नालेसफाईचा विषय मे महिन्यात आला तर समजायचं की यंदा गाळ पावसानंच वाहून न्यायचाय. डांबरीकरणाचं उलट. जून ते सप्टेंबर डांबर घालता येत नाही, म्हणून पावसाळा हा कागद पुरे करायचा हंगाम. त्या चार महिन्यांत निविदा उरकली तर दिवाळीनंतर रस्ता सुरू होतो. एरवी ते काम मार्चअखेरच्या घाईत सापडतं, आणि त्या घाईतल्या डांबराचं काय होतं ते पुढच्या जुलैत सगळ्या गावाला दिसतं.

मार्चचीच आणखी एक गोष्ट. जिल्हा नियोजन समितीकडून नगरोत्थान, दलित वस्ती सुधार वगैरे योजनांचा निधी वर्षाच्या शेवटी पटकन सुटतो. तो गरजेच्या क्रमानं मिळत नाही, ज्याचा कागद तयार त्याला मिळतो. जागा नगरपरिषदेच्या नावावर आहे का, मोजणी झालीय का, तांत्रिक मान्यता घेतलीय का, हे वर्षाच्या सुरुवातीला बघून ठेव. प्रस्ताव तयार असलेलं गाव पैसे घेऊन जातं, बाकीच्यांच्या वाट्याला निवेदनं उरतात.

लोकांना विचारायलाच हवं, पण कसं विचारतेस त्यावर उत्तर अवलंबून. पुणे महापालिकेनं २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामं मागवायला सुरुवात केली. कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची. तिथं १९८९ पासून वस्त्यावस्त्यांतले लोक सभेत बसून कामांचा क्रम लावू लागले. तिथली मला पटलेली गोष्ट म्हणजे पैसा सर्व वस्त्यांना सारखा वाटला गेला नाही. लोकसंख्या बघितली, लोकांनी लावलेला क्रम बघितला आणि कुठल्या वस्तीत सोय किती कमी आहे तेही बघितलं. जिथं गटारच नाही, त्या वस्तीला जास्त. तू प्रभागात बैठक घेशील तेव्हा 'काय काय हवं?' असं विचारू नकोस. यादी दोनशे कामांची होईल आणि दोनशे घरं नाराज होतील. 'दोनच कामं होणार असतील तर कोणती, आणि शेजारच्या वस्तीची अडचण आपल्यापेक्षा मोठी आहे का?' असं विचार. माणसं समंजसपणे उत्तर देतात. आपण त्यांना तशी संधी देत नाही.

सभेत दोन गोष्टींवर नजर ठेव. एक, ऐनवेळचे विषय. खरोखर तातडीचं काम असेल तर हरकत नाही, पण विषयपत्रिकेत नसलेला आणि रकमेचा आकडा असलेला विषय शेवटच्या पाच मिनिटांत वाचला गेला, तर टिपणी हातात मिळेपर्यंत संमती देऊ नकोस. दुसरी, कामाचे तुकडे. एकाच रस्त्याची 'अमुकच्या घरापासून तमुकच्या घरापर्यंत' अशी चार कामं दिसली, तर ती ई-निविदेची मर्यादा चुकवायला पाडली आहेत का, ते विचार.

मुख्याधिकारी, अभियंते, लेखापाल यांच्याशी अदबीनं वाग. नगरसेवक येतात आणि जातात, फाईल कुठं अडकली ते या अधिकाऱ्यांनाच ठाऊक असतं. चारचौघांत त्यांचा पाणउतारा करून टाळ्या मिळतील, काम मिळणार नाही. आणि एक घरातलं सांगतो, राग मानू नकोस. जावईबापूंना म्हणावं, प्रचारात पायाला भिंगरी लावून फिरलात, फार केलंत. आता कार्यालयात ताईच जाईल. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण कित्येक ठिकाणी टेबलापलीकडे नवरा, दीर किंवा मुलगा बसलेला असतो. फोन तू उचल, पुस्तक तू वाच, सही वाचून तूच कर. पहिले सहा महिने कुणी तुझ्याऐवजी बोललं, तर पुढची साडेचार वर्षं तेच बोलतील.

दर तिमाहीला तुझ्या तीन उद्दिष्टांची स्थिती लेखी माग. उत्तर आलं तर प्रभागातल्या फलकावर लाव, नाही आलं तर तेही लाव. मार्च संपला की झालेलं, अर्धवट राहिलेलं आणि न झालेलं, तिन्ही सारख्याच अक्षरात लिहून लोकांसमोर ठेव. मतदार न झालेल्या कामाचं कारण ऐकून घेतो. कारण न सांगता पुन्हा तेच वचन दिलं की चिडतो.

पुस्तक हाती आलं की रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर दोन तास काढ. जमेचे आकडे पेन्सिलीनं तपास, मोकळा पैसा किती उरतो ते काढ आणि तीन ओळी लिही. त्यातली निदान एक तुझ्या प्रभागाबाहेरची असू दे. मग त्या विशेष सभेत उभी राहून मांड आणि अनुमोदक मिळतोय का बघ. नाही मिळाला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांड. तुझ्याकडे पाच अंदाजपत्रकं आहेत. त्यातलं पहिलं वाटणीत घालवू नकोस.

तुझा,
मामा